बावीस फुटांची पाचर

माणसाचा कान मातीत पडलेला रतन वारिंगेनं पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. कान त्याच्या चुलत्याचा होता. आंबीच्या शिवारात ऐन दुपारी बांधावरून जुंपली होती. शेजाऱ्यानं नांगरताना बांध वीतभर कोरला, चुलत्यानं त्याच्या आईचा उद्धार केला आणि शेजाऱ्याच्या थोरल्या पोरानं हातातलं फावडं आडवं फिरवलं. चुलता ओरडलासुद्धा नाही. तो नुसता खाली बसला आणि टोपी कुठं पडली ते शोधावं तशी डोक्याची एक बाजू चाचपत राहिला. कान रतननं उचलला. विहिरीवर नेऊन धुतला, तांब्यात घातला आणि दुधाच्या टेम्पोत तो तांब्या मांडीवर धरून तळेगावच्या दवाखान्यापर्यंत बसून राहिला. डॉक्टरांनी तांब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "बाळ, हे आता टाकून दे."

त्या वीतभर बांधापायी पुढं अकरा वर्षं कोर्ट चाललं, दोन डोकी फुटली आणि एक गोठा जळाला. रतनच्या मनात मात्र एक गोष्ट तेव्हाच पक्की बसली. ओळ नीट आखलेली नसली की माणसं मारतात. ती नीट आखली, कागदावर आणली, तिच्यावर सही-शिक्का झाला, की मारायला कारणच उरत नाही. पुढचं सगळं शिक्षण त्यानं या एका समजुतीवर केलं. आधी स्थापत्यची पदविका, मग नोकरी करत पदवी, मग नगर नियोजनातली पदव्युत्तर पदवी आणि शेवटी पीएचडी. त्याच्या घरात त्याच्याआधी दहावीपुढं कुणी गेलं नव्हतं.

पहिली नोकरी मोजणीवाल्याच्या हाताखाली. काम एवढंच, की आरशाची काठी घेऊन सांगतील तिथं सरळ उभं राहायचं. पवन मावळातल्या एका गावात लोकांनी मोजणीवाल्याला पळू दिलं आणि रतनला धरलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला हात बांधले आणि ओल्या दोरानं पाठ सोलून काढली. "कुणाच्या सांगण्यावरून आलास?" हा एकच प्रश्न ते विचारत होते, आणि बावीस वर्षांच्या रतनला त्याचं उत्तर खरोखरच माहीत नव्हतं. सोडल्यावर त्यानं आधी मोजणीचं यंत्र उचललं, भिंगाला तडा गेलाय का ते पाहिलं, आणि मग ओकला.

याच सुमारास त्याच्या वडिलांनी, महिपती आबांनी, नदीकडची दीड एकर जमीन माधवरावांना विकली. माधवराव मूळचे तळेगावचे. सोमाटण्याच्या फाट्यावर त्यांचं प्लॉटिंगचं ऑफिस, मावळात आठ-दहा ठिकाणी बंगल्यांचे प्लॉट. व्यवहारात आबांनी एक अट घातली, "माज्या पोराला कामाला लावा." माधवरावांनी अट पाळली. सहा वर्षं रतन त्यांच्याकडे होता. जमिनी मोजायच्या, रस्ते आखायचे, प्लॉट पाडायचे. त्यानं मोजलेल्या पहिल्याच मोठ्या कामात त्याच्या स्वतःच्या घरची जमीन होती. अठ्ठावीस प्लॉट, मधोमध तीस फुटी रस्ता. काम इतकं देखणं झालं की पुढं पीएचडीच्या प्रबंधात त्यानं त्यावर एक आख्खं प्रकरण लिहिलं.

पीएचडी झाल्यावर मात्र चार वर्षं तो तासिका तत्त्वावर शिकवत फिरला. सकाळी निगडी, दुपारी वाघोली, तासाला मोजून मानधन, आणि दिवाळी-मे महिन्यात तेही नाही. बायको समीक्षा वराळ्यातल्या एका कंपनीत पॅकिंगला जाई, म्हणून घर चाललं. ती कधी टोचून बोलली नाही. टोचून बोलायला गाव होतंच. "काय डॉक्टर, आमची म्हस आटलीय, जरा बघता का?" असं पारावर कुणीतरी हमखास विचारी.

अशात लोणावळ्याच्या वाटेवरच्या एका नव्या खासगी विद्यापीठाची जाहिरात आली. स्थावर मालमत्ता विकास आणि नगर नियोजन, सहायक प्राध्यापक, पूर्णवेळ, जागा एक. पीएचडी हवी आणि उद्योगातला पाच वर्षांचा अनुभव हवा, सही-शिक्क्याच्या पत्रासह. विभागप्रमुख रजनी मॅडमनी एका परिषदेत त्याचा निबंध ऐकला होता. त्यांनी स्वतःहून फोन केला. "अर्ज नक्की करा. परदेशात शिकून आलेल्यांचे बरेच अर्ज येतील, वरद म्हणून एक तर फारच चांगला आहे. पण मला चिखलात उभं राहिलेला माणूस हवाय. फक्त मुलाखतीला येताना अनुभवाचं पत्र विसरू नका, त्याशिवाय आत बसू देत नाहीत."

शुक्रवारी सकाळी साडेदहाला मुलाखत ठरली. आधी विद्यार्थ्यांसमोर वीस मिनिटांचा नमुना तास, मग प्रश्न.

रतन मंगळवारी सोमाटण्याला गेला. माधवरावांनी पत्र टाइप करून ठेवलं होतं. समोर टेबलावर होतं, फक्त सही नव्हती.

"अरे, तुझ्यासाठी सही करायला मला काय जड आहे?" माधवराव म्हणाले. "आणि गंमत माहितीये का? निवड समितीवर उद्योगाचा प्रतिनिधी म्हणून मीच आहे. घरचीच मुलाखत समज."

रतन हसला. काळजावरचा दगडच उतरला त्याच्या.

"फक्त एक कर. गुरुवारी तुमच्या नदीकडच्या प्लॉटिंगला कुंपण घालतोय. पलीकडची ती सरुबाई आणि तिचा मारुती, दोन महिन्यांपासून खांब उपटून टाकतायत. तू तुझा नकाशा घेऊन उभा राहा. तू गावातला, शिकलेला, लोक तुझं ऐकतात. हद्द बरोबर आहे एवढं सांग आणि संध्याकाळी पत्र घेऊन जा."

"सरकारी मोजणी झाली का साहेब?"

"तारीख पडतेय, पुढं जातेय. तुझी मोजणी आहे ना? सेंटिमीटरपर्यंत बरोबर, असं तूच लिहिलंयस प्रबंधात. मी वाचलाय."

बुधवारी संध्याकाळी रतननं आबांना सहज सांगितलं. आबा अंगणात लसूण सोलत बसले होते. त्यांचे हात थांबले.

"मोजताना धरलास कंचा दगड?"

"दोन धरले. एक नदीकडचा, एक वरचा, रस्त्याकडचा. जुन्या टिपणात दोन्ही आहेत." शेताचा जुना मोजणी-नकाशा म्हणजे टिपण. त्यात हद्दीचे दगड कुठं रोवले ते दाखवलेलं असतं.

"वरचा दगड त्याच्या जाग्यावं न्हाई," आबा म्हणाले.

"म्हंजे?"

"म्याच हलवला व्हता. ट्रॅक्टर वळाया जागा पुरत न्हवती. सरूच्या नवऱ्याला इचारलं, त्यो म्हनला, आबा, सरकवा नऊ पावलं माज्या अंगाला, सुगी झाली की परत लावू. तू तवा हॉस्टेलात व्हतास. मग त्यो बिचारा गेला. ऱ्हाऊनच गेलं."

"आन् विकताना?"

आबांनी लसणाची पाकळी उगाच फिरवली. "विकताना कुनी इचारलंच न्हाई. मोजाया तूच आलास यंत्र घिऊन. म्या म्हनलं, येवढं शिकलेलं पोर, यंत्राला कळत आसंल."

रतननं खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला. गणित पाच मिनिटांचं होतं. एक दगड बरोबर, दुसरा नऊ पावलं चुकीचा. म्हणजे हद्दीची ओळ नदीकडे बरोबर आणि रस्त्याकडे बावीस फूट आत. सहाशे फूट लांबीची पाचर. सहा गुंठे. सरुबाईचं सगळं शेत तीस गुंठ्यांचं, आणि प्लॉट नंबर एक ते पाच त्या पाचरीवर बसलेले. तेव्हाही क्षेत्र सहा गुंठ्यांनी जास्त भरत होतं. ते त्याला दिसलं होतं. त्यानं त्यापुढं लिहिलं होतं, 'जुन्या मोजणीतील दोष.' गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला दगड दाखवून विचारलं असतं तरी कळलं असतं. पण यंत्र हातात असताना म्हाताऱ्यांना काय विचारायचं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. साहेबांना बाजूला घेऊ. आठ दिवस थांबा म्हणू. मुलाखत होऊ दे, मग शांतपणे दुरुस्त करू.

गुरुवारी सकाळी नऊला नकाशा आणि मोजणी-यंत्राची तिपाई घेऊन तो पोचला तेव्हा जेसीबी चालू झाला होता. काळ्या टी-शर्टातले आठ बाउन्सर ओळीनं उभे होते. पुण्याहून आणलेले, कुणाला आंबी कुठं ते धड माहीत नसावं. सिमेंटचे खांब हरभऱ्यात आडवे टाकलेले आणि हरभरा घाट्याला आलेला. माधवराव गाडीत बसून होते, काच अर्धी खाली.

सरुबाई खांबासाठी खणलेल्या खड्ड्यात उतरून बसली होती. सत्तरीची बाई, कंबरेइतक्या खड्ड्यात, हातात खुरपं. तिचा मुलगा मारुती वर उभा होता. रतन आणि मारुती सातवीपर्यंत एका बाकावर बसले होते.

"आलं बगा शानं," मारुती म्हणाला. "वाटलंच मला. चुना वडाया आलास व्हय रं?"

"मारुती, जरा दमानं घे."

"दमानं? हरभरा तुज्या बापाचा हाय का दमानं घ्याया?"

सरुबाई खड्ड्यातून ओरडली, "भांडू नगासा! रतन, हितं ये. तुला दावते." ती खड्ड्यातून निघाली आणि रस्त्याच्या कडेनं प्लॉटांच्या अंगाला बावीस फूट चालत गेली. तिथं बसून खुरप्यानं उकरू लागली. कुणी तिला अडवलं नाही, म्हातारी काय करते ते बघायला बाउन्सरही गोळा झाले. हातभर खाली तिला हवं ते सापडलं. मूठभर काळे कोळसे आणि खापराचे तुकडे. हद्दीचा दगड रोवताना त्याच्याखाली कोळसा आणि खापऱ्या पुरायची त्या भागातली जुनी रीत. दगड कुणी हलवला तरी कोळसा कुजत नाही आणि जागा बोलते. ते दगड रोवताना कोळसा आबांनी आणि सरुबाईच्या सासऱ्यानं मिळून घातला होता.

तिनं ती काळी मूठ रतनपुढं धरली. "तू लय शिकलास लेकरा. मी अंगठाछाप. तूच सांग ह्यास्नी, ह्ये काय हाय."

सगळे रतनकडे बघत होते. तो गाडीपाशी गेला.

"साहेब, माझी चूक झालीय. वरचा दगड सरकलेला आहे. आज थांबू या."

माधवरावांचा आवाज चढला नाही. "पाच प्लॉट विकलेत मी, रतन. घरं बांधायला आलेत लोक. उद्या साडेदहाला आपण समोरासमोर बसणार आहोत. तेव्हा समितीला सांगायचं का, की या माणसाची मोजणीच चुकते? प्रबंधातलं प्रकरण खोटं आहे म्हणून?" मग ड्रायव्हरच्या अंगावरून त्यांनी बाउन्सरांना हात केला. "चला, उरका."

रतन गाडीपाशीच उभा राहिला. काहीच बोलला नाही. त्या दिवसाबद्दल पुढं जे काही ठरलं, ते त्या न बोलण्यात ठरलं.

एका बाउन्सरनं सरुबाईच्या दंडाला धरलं. तिनं खुरपं त्याच्या मनगटावर मारलं. त्यानं तिला अंबाड्याला धरून ओढलं आणि फेकल्यासारखी सोडली. तिचं कपाळ सिमेंटच्या खांबावर आदळलं, तो आवाज रतनला गाडीपाशी ऐकू आला. मारुतीनं शेतातल्या झोपडीच्या कुडात खोचलेला कोयता उपसला. पहिल्या बाउन्सरचा हात त्यानं कोपराखाली उघडला, हाडापर्यंत. दुसरा खाली वाकून पळाला. तिसऱ्यानं मागून मारुतीच्या कमरेत लाथ घातली, कोयता उडून हरभऱ्यात पडला. मग चौघे त्याच्यावर पडले. मारुती त्यातूनही उठला, तोंडातून रक्त गळत, आणि सरळ रतनकडे आला. हात मोकळे होते त्याचे. रतनला ते स्पष्ट दिसलं.

"कागुद दे," मारुती म्हणाला. "त्यो तुजा कागुद दे हिकडं, फाडतो."

रतनच्या हातात यंत्राची तिपाई होती. लाकडी पाय, खाली लोखंडी टोकं, सात किलो वजन. ती त्यानं फिरवली. गळपट्टीचं हाड मोडलं, वाळला बांबू तडकावा तसं. मारुती गुडघ्यावर आला आणि आडवा झाला. त्यानं एक हात वर केला, मारू नको म्हणून की कागदासाठी, ते कळलं नाही. रतननं तिपाई परत उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली.

दुसऱ्यांदा का मारलं, हे त्याला नंतर किती विचार केला तरी सापडलं नाही. मारताना त्याला राग आला नव्हता. एवढंच आठवत होतं, की हा माणूस उठला तर सगळं जाईल.

संध्याकाळी माधवरावांचा ड्रायव्हर पत्र घरी देऊन गेला. सहीची शाई निळी होती. समीक्षानं रतनच्या शर्टाच्या बाहीवरचे डाग पाहिले, शर्ट थंड पाण्यात भिजत घातला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सरुमावशीला सात टाके पडले. मारुतीभावजी दवाखान्यात आहेत, दारात पोलीस बसलाय. त्यांनीच कोयत्यानं सगळ्यांना मारलं म्हणतात. खरंय का?"

"उद्याची मुलाखत होऊ दे."

"मी मुलाखतीचं विचारलं न्हाई."

शुक्रवारी तास झाला. काचेच्या भिंतींचा वर्ग, बाहेर डोंगर, वीस विद्यार्थी, मागच्या रांगेत समिती. रतननं आपलंच काम पडद्यावर लावलं, अठ्ठावीस प्लॉट, तीस फुटी रस्ता. तो छान शिकवायचा, त्या दिवशीही छान शिकवलं. सृष्टी नावाच्या एका मुलीनं हात वर केला.

"सर, ही डावीकडची हद्द तिरकी का आहे? बाकी सगळ्या गटांच्या हद्दी एकमेकींना समांतर आहेत."

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मार्गदर्शकांनी नाही, परीक्षकांनी नाही.

"जुन्या मोजणीतला दोष," रतन म्हणाला. "प्रत्यक्ष जागेवर आपण अचूक यंत्रानं खात्री करून घेतो."

मुलीनं ते वहीत उतरवून घेतलं. मागं माधवराव मान डोलावत होते.

मुलाखत बारा मिनिटांत संपली. बाहेर रजनी मॅडम स्वतः आल्या. "अभिनंदन. एकमतानं तुमचं नाव दिलंय. नियुक्तीपत्र सोमवारी निघेल, पोलीस पडताळणी तेवढी राहिली." त्या खूश होत्या. "त्या मुलीनं चांगला प्रश्न विचारला, नाही?"

माधवरावांनी त्याला गाडीपर्यंत नेलं. "आता सरळ चौकीत जा. जबाब दे, की मारुती कोयता घेऊन तुझ्यावर धावला आणि तू स्वतःला वाचवलंस. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागेल, दोन-तीन वर्षं बाहेर येत नाही. पडताळणी स्वच्छ होईल. तुझी आणि माझी, दोघांची काळजी मिटेल."

चौकीच्या ओट्यावर सरुबाई बसली होती, कपाळाला पट्टी, एक डोळा सुजून बंद. सकाळपासून तिची तक्रार कुणी लिहून घेतली नव्हती. रतन पायरी चढताच ती उठली. पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. मग परत मारली. तिसऱ्या वेळी त्याचा ओठ फुटला. तो तसाच उभा राहिला. आतून हवालदार आला आणि दारात टेकून बघू लागला.

"मावशी, पुरे," शेवटी हवालदार म्हणाला. "प्रोफेसर आहेत ते. माधवराव साहेबांचा फोन आलाय. या सर, बसा."

"लिव तुला काय लिवायचं त्ये," सरुबाई धापा टाकत म्हणाली. "माज्या पोराला आत घाल. जिमीन घे. पर माज्याकडं बगून लिव."

हवालदारानं कागद ओढला. "मी साधारण लिहून ठेवलंय, तुम्ही फक्त ऐका. 'इसम नामे मारुती हा हातात कोयता घेऊन माझ्या अंगावर धावून आला...'"

"कोयता नव्हता त्याच्या हातात," रतन म्हणाला.

"सर?"

"कोयता आधीच पडला होता. तो माझ्याकडे मोकळ्या हातानं आला. मी तिपाईनं मारलं. तो खाली पडला, मग परत मारलं."

हवालदारानं पेन ठेवलं आणि दार लोटून घेतलं. "सर, मी बावीस वर्षं नोकरी केलीय, एक सांगतो. लोक इथं येऊन स्वतःला वाचवायला खोटं बोलतात, आम्हाला त्याची सवय आहे. तुम्ही उलटं काय चालवलंय? नोकरी लागलीय ना? घरी जा, चहा घ्या, उद्या या."

"उद्या आलो तर मी तुम्ही लिहिलंय तेच सांगेन," रतन म्हणाला. "आत्ताच लिहून घ्या. हद्द चुकलीय तेही लिहा. मोजणी माझी होती."

 हवालदारानं तो कागद फाडला, दुसरा घेतला आणि सर म्हणायचं सोडून दिलं. "नाव, वय, धंदा. पूर्ण नाव सांग."

लिहिणं चालू असतानाच रजनी मॅडमचा फोन आला, कागदपत्रांच्या प्रती लवकर पाठवा म्हणून. रतननं त्यांना तीन वाक्यांत सांगितलं. 

"म्हणजे सकाळी वर्गात तुम्ही त्या मुलीला..."

"खोटं सांगितलं मॅडम."

"पडताळणीत हे येणार. मग जागा वरदला जाईल. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?" त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो त्याला बरोबर वाटला. त्यांनी फोन ठेवला.

दिवस मावळायच्या आत पंचनामा उरकायचा म्हणून त्याला जीपमधून शेतावर नेलं. सरुबाईही मागच्या बाकावर बसली, त्याच्याकडे पाठ करून. खांब रांगेत उभे झाले होते. माधवरावांचे दोन बाउन्सर राखणीला होते. एकानं रतनला पोलिसांबरोबर पाहून फोन लावला आणि दुसरा थुंकून म्हणाला, "तुझा हिशोब वेगळा करू, मास्तर." हवालदारानं न ऐकल्यासारखं केलं.

तुडवलेल्या हरभऱ्यात रक्त वाळून तांबूस झालं होतं. हवालदारानं टेप काढला, पण त्याला एकट्याला तो धरता येईना. "तुझंच काम आहे हे, तूच धर," तो म्हणाला.

रतननं टेपचं टोक धरलं. कोयता पडला ती जागा दाखवली. मारुती आडवा झाला ती जागा दाखवली. स्वतः उभा होता तिथं जाऊन उभा राहिला, पायांचे ठसे अजून होते, आणि टेप ताणून वाचला. त्याला सवय होती, त्यानं इंचसुद्धा सांगितले.

"दुसरा वार केलास तेव्हा, तुझ्यापासून तो चार फूट तीन इंच," हवालदार लिहीत म्हणाला. मग थांबून त्यानं मोकळ्या शेताकडे, मागच्या रस्त्याकडे नजर टाकली. "आणि तो पडलेला. म्हणजे तुला मागं सरता आलं असतं."

सरुबाई जीपमधून उतरून त्याच्याकडे बघत होती, एका डोळ्यानं.

"व्हय," रतन म्हणाला. "आलं आसतं."